प्रभूच्या घराच्या तुळया

प्रार्थना चालू असताना उल्कानं डोळे उघडले. का उघडले, ते तिला नंतरही सांगता आलं नसतं. मे महिन्यातलं ऊन कौलांवर तापत होतं, भिंतीच्या उभ्या फळ्यांमधून आलेल्या उजेडाच्या पट्ट्या लोकांच्या खांद्यांवर पडल्या होत्या आणि त्या जुन्या शेडच्या लाकडातून तंबाखूचा गोडसर, जुनाट वास सुटला होता. या गावातले शेतकरी पूर्वी इथं तंबाखूची पानं वाळत घालायचे. आता इथं जर्मनीतल्या लुडविग्सहाफेन आणि आसपासची मराठी ख्रिस्ती मंडळी दर रविवारी उपासनेला जमत होती. सगळ्यांच्या माना खाली होत्या. पुढं तिचा नवरा, शिरीष उजागरे, प्रार्थना करत होता. त्याचा आवाज भरून आलेला होता. हे प्रभू, आम्ही माती आहोत, तुझ्या हातातली माती. आणि त्याचे डोळे सताड उघडे होते. तो वर बघत होता, पण देवाकडे बघणाऱ्या माणसासारखं नव्हे. त्याची नजर एका तुळईवरून दुसरीवर जात होती, मध्येच मागे येत होती, कोपऱ्यात थांबत होती. तो माप घेत होता. तोंडातून शब्द येत होते, एकही अडखळत नव्हता, आणि नजर सुताराची होती. उल्कानं घाईनं मान खाली घातली. आपणच काहीतरी चोरून पाहिलं असावं तसं तिच्या कानशिलात गरम झालं. आमेन झालं तेव्हा तिच्या ओठांतून ते बाहेरच पडलं नाही.

त्या दिवशी काहीच घडलं नाही. चहा झाला, नंदिनी बोर्डेनं आणलेले पोहे झाले, शिरीष प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून बोलत फिरला. तो रसायनांच्या कारखान्यात इंजिनियर होता, मंडळीचा वडील, म्हणजे पुढारी होता, आणि त्याचं बोलणं ऐकायला जर्मन शेजारीसुद्धा थांबत. ती लांबून बघत राहिली. हा माणूस नंदिनीच्या नवऱ्याची, मोहनभाऊंची पाठ थोपटतोय ती मोहनभाऊ थकलेत म्हणून, की पुढच्या शनिवारी त्यांनी कामाला यावं म्हणून? असा विचार आपल्याला आला याचंच तिला भय वाटलं. एकोणीस वर्षांच्या संसारात तिनं त्याच्यावर कधी संशय घेतला नव्हता. तसे प्रसंग आले होते. तो मासेगाव नाक्यावरचा मुलगा पुण्यात मोठा हुद्देदार झाला, मग इथं आला, कोणाच्या ना कोणाच्या पुढं जात राहिला. पण तो प्रार्थना करायला लागला की तिला वाटायचं, आत कुठंतरी याचं सगळं जागेवर आहे. सुरुवातीला पाच कुटुंबं त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जमायची. चटया टाकायच्या, पेटी मधोमध, ढोलकी मोहनभाऊंच्या मांडीवर. आवाज वर जातो म्हणून इमारतीची देखरेख करणारा हाउसमाइस्टर दार वाजवायचा, आणि मग सगळे ओठातल्या ओठात भजन म्हणायचे. त्या पुटपुटण्यात इतकं काही असायचं की उल्काच्या अंगावर काटा यायचा. एका रविवारी हाउसमाइस्टरनं लेखी तंबी दिली. त्या संध्याकाळी शिरीष चटईवर कपाळ टेकून रडला. प्रभू, आम्हाला तुझ्यासाठी एक घर दे. तेव्हा तिनं डोळे उघडले नव्हते. आता तिला प्रश्न पडला की उघडले असते तर काय दिसलं असतं.

शेड मिळाली ती फ्राउ रेबर नावाच्या विधवा शेतकरणीकडून, लांब मुदतीच्या भाड्यानं. बाईला तंबाखू पिकवायचा कंटाळा आला होता आणि मुलं फ्रांकफुर्टला होती. शनिवारी सगळे राबायचे. रसायनशास्त्रज्ञ, सॉफ्टवेअरवाले, पीएचडी करणारी पोरं, कोणी फळ्या घासतंय, कोणी रंग लावतंय. मोहन बोर्डे सगळ्यांत आधी यायचे आणि शेवटी जायचे. मग शेडला लागून असलेला तुकडा फ्राउ रेबर विकते आहे असं कळलं आणि शिरीष म्हणाला, आपण घेऊ, जवळ राहिलेलं बरं, मंडळीला कधीही लागलं तर आपण आहोत. उल्काला ते पटलं होतं. आधी घर लहान होतं. मग त्याला तळघर आलं, मग वर खोल्या, मग रस्त्याच्या बाजूनं उंच काचेची भिंत. शेडचं काम रेंगाळलं आणि घराचं वाढत गेलं. पण तिच्या लक्षात आलं ते दुसरंच. पूर्वी शिरीष 'प्रभूचं घर' म्हणायचा. हळूहळू तो नुसतं 'घर' म्हणायला लागला. घराचं काम आहे. घरावर माणसं हवीत. घराला उशीर होतोय. आणि 'आपण'. आपण बांधतोय, आपल्याला करायचंय. त्या 'आपण'मध्ये कोण कोण आहे हे मराठीत विचारायची सोय नसते. ऐकणारा प्रत्येक जण स्वतःला त्यात घेतो. मंडळीतली माणसं शेडमध्ये काम करता करता कधी कुंपण ओलांडून पलीकडे गेली, हे त्यांनाही कळलं नसावं. एकदा तिनं शिरीषच्या केसांत लाकडाचा भुसा पाहिला, आणि तो कुठल्या घरचा असेल याचा ती जेवणभर विचार करत राहिली.

जालन्याला मिशनच्या आवारात तिचे पप्पा पाळक होते. साधा माणूस. खिशात मिश्रीची डबी लपवून ठेवायचा आणि मम्मीनं पकडलं की लहान मुलासारखा हसायचा. पण व्यासपीठावर उभे राहिले की वेगळे व्हायचे. शलमोन राजावरचं त्यांचं बोलणं तिला पाठ होतं. लोक म्हणतात, परक्या बायकांनी त्याचं मन फिरवलं. पप्पा म्हणायचे, बाबांनो, बायका फार पुढं येतात. आधी बांधकाम बघा. देवाचं मंदिर बांधायला सात वर्षं, आणि स्वतःचा वाडा बांधायला तेरा. शास्त्र लिहिणाऱ्यानं त्यावर एक शब्द बोललेला नाही, नुसते दोन आकडे शेजारी शेजारी ठेवलेत. ज्यानं देवाकडे मागताना शहाणपण मागितलं, तोच लोकांना वेठीला धरतो, डोंगरात दगड फोडायला पाठवतो. मग पप्पा समोर बसलेल्या गवंड्यांकडे, सुतारांकडे बघून विचारायचे, तो कुठल्या दिवशी बिघडला, सांगा बरं? पप्पांनाही उत्तर ठाऊक नसायचं. ते फक्त चष्मा पुसायचे. उल्का लहानपणी घरी येऊन विचार करायची की राजाच्या घरात कोणालातरी तो दिवस कळला असेलच ना. एखाद्या बायकोला. इतक्या बायका होत्या, एकीला तरी.

एका शनिवारी उल्का मुलीला घेऊन कोलोनला गेली होती. ईप्सिताला तिथलं विद्यापीठ बघायचं होतं. राईनच्या काठावर दोघी आइसक्रीम खात बसल्या असताना शिरीषचा फोन आला. "मोहन पडला. घरात काम करताना. त्याला क्रांकनहाउसला नेलंय."

"कुठल्या घरात?" तिनं विचारलं.

पलीकडे थोडं थांबल्यासारखं झालं. फोन तुटला नव्हता, त्याचा श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "प्रभूच्या."

परतीच्या गाडीत ती ते थांबणं पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. माणूस घाबरलेला असला की थांबतो. जीव वाचेल का या काळजीत असला की थांबतो. थांबायला शंभर कारणं असतात. काय झालं, असं ईप्सितानं जर्मनमध्ये विचारलं, "वास इस्ट लोस, आई?" आणि उल्का म्हणाली, काही नाही, मोहनकाका पडलेत. मोहनभाऊंचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि पाठीच्या कण्याला मार होता. पुन्हा नीट चालतील की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. रविवारी उपासनेत शिरीष उभा राहिला आणि म्हणाला की आपल्यातला एक भाऊ प्रभूच्या घराचं काम करता करता पडला, त्यानं आपलं शरीर अर्पण केलं. बायका रडल्या. पुरुषांनी शब्द दिला की आता काम थांबू द्यायचं नाही. पुढच्या शनिवारी कधी नव्हे इतकी माणसं आली. उल्का सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होती आणि तिला भीती वाटत होती, कारण शिरीषनं जे सांगितलं होतं त्यानं लोक खरोखर चांगले झाले होते.

घराच्या स्वयंपाकघराची खिडकी कुठं येणार ते बघायचं निमित्त काढून ती एका संध्याकाळी एकटीच तिकडे गेली. दिवाणखान्यात छताजवळ एक जुनी ओकची तुळई चढवलेली होती, दुसरी खाली भिंतीला टेकून होती. शिरीषनं मंडळीला सांगितलं होतं की शेडच्या काही तुळया कुजल्यात, त्या काढून लोखंडी टाकाव्या लागतील. तिनं खालच्या तुळईवर बोटांनी ठोकलं. भरीव, खणखणीत आवाज आला; ही कुजलेली नव्हती. तिनं नाक जवळ नेलं. तंबाखू. जिन्यासाठी ठेवलेल्या चौकोनी भगदाडावर फळ्या टाकल्या होत्या. फटीतून खाली तळघरातली जमीन धुतलेली दिसत होती. एवढ्या धुळीच्या कामात तेवढाच तुकडा स्वच्छ. तिनं एक फळी सरकवली आणि ती शिडीनं उतरली. वाळूच्या पोत्यांमागं चष्म्याची एक काडी पडली होती, टोकाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली. नंदिनी आठवडाभर सांगत होती की ह्यांचा चष्मा कुठं गेला कळत नाही, शेडमध्ये सगळ्यांनी कानाकोपरा शोधला. उल्का त्या पोत्यावर बसली. तिला रडू आलं नाही. आपला संशय खरा ठरला याचं एक बारीक समाधान आत कुठंतरी पसरलं, आणि त्याची तिला इतकी किळस आली की ती काडी मुठीत घट्ट धरून ती तशीच वर आली.

ती इस्पितळात गेली तेव्हा नंदिनी कॉफी आणायला खाली गेली होती. मोहनभाऊ खिडकीकडे तोंड करून पडले होते. उल्कानं काडी त्यांच्या पांघरुणावर ठेवली. त्यांनी ती ओळखली.

"वहिनी, असू द्या," ते म्हणाले.

"त्यांनी सांगितलं तुम्हाला असं बोला म्हणून?"

"सांगितलं. पण मी ऐकलं ते माझ्यासाठीच." त्यांनी काडी उशीखाली सरकवली. "मला जन्मभर काठी घेऊन चालायचंय. देवाच्या कामात पडलो म्हटलं की सोसता येतं. कोणाच्या तरी दिवाणखान्याची तुळई उचलताना पडलो म्हटलं, तर मग नुसता पडलोच ना?"

"नंदिनीला ठाऊक आहे?"

"नाही. त्या समजुतीवर ती माझ्यापेक्षा जास्त उभी आहे."

नंदिनी कप घेऊन आत आली आणि उल्काकडे बघून हसली. त्या हसण्यात तिला काही कळलंय का, हे उल्का शोधत राहिली. आता तिला सगळ्यांच्या चेहऱ्यात काहीतरी शोधायची सवय लागली होती.

घरी आल्यावर तिनं शिरीषला गाठलं. तो स्वयंपाकघरात हात धूत होता. ती म्हणाली, "अहो, मोहनभाऊ आपल्या जिन्यातून पडले."

तो 'नाही' म्हणाला नाही. त्यानं विचारलं, "कोण म्हणालं?"

"तुम्ही सांगा ना."

त्यानं नळ बंद केला. "चौकशी झाली असती. आपल्या घरावर माणसं रीतसर नोंदवलेली नव्हती. बाउआम्टनं, बांधकाम खात्यानं, दोन्हीकडचं काम बंद पाडलं असतं. दोन्हीकडचं, उल्का. मंडळीनं कुठं जायचं?"

"पूर्वी आपल्याकडे जमायची. चटईवर."

"चटईवर." तो शब्द त्यानं असा उच्चारला की तिला तो अंगावर उडवल्यासारखा वाटला. "खालून तो हाउसमाइस्टर दार ठोकणार आणि आपण तोंड दाबून गाणार. इथले लोक आपल्याकडे कसे बघायचे, आठवतं? आता गावचा प्रमुख, तो बुर्गरमाइस्टर, मला स्वतः हात मिळवतो. हे कोणासाठी केलं मी?"

"तेच विचारतेय."

"मोहनची हरकत नाही. विचार त्याला."

"विचारलं. तुळया कुजल्या होत्या ना हो?"

"काही कुजल्या होत्या," शिरीष म्हणाला, आणि शांतपणे हात पुसायला लागला. प्रत्येक बोट वेगळं. तिनं ओळखलं की त्याला लाज वाटत नाहीये, तो हिशोबानं आवाज खाली ठेवतोय. आणि लगेच वाटलं, की हे तरी मला कशावरून कळतं? मी कधीपासून याच्या आत शिरून बसले?

समर्पणाची उपासना सप्टेंबरात झाली. शेड ओळखू येत नव्हती. पांढऱ्या भिंती, काचेचा क्रूस, बाक नवे. गावातल्या जर्मन चर्चचे पाळक आले होते, बुर्गरमाइस्टर आला होता, फ्राउ रेबर ठेवणीतला कोट घालून पहिल्या बाकावर होती. पाहुण्यांसाठी भाषांतर करायला ईप्सिता माइकपाशी उभी होती. घरी मराठीतल्या प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देणारी ही मुलगी भाषांतर मात्र फार नेटकं करायची. भजनं झाली. मग शिरीषनं चाकांच्या खुर्चीतल्या मोहनभाऊंना पुढं आणलं. साक्ष द्यायला. मोहनभाऊ बारीक झाले होते. त्यांनी खाली बघत सांगितलं की प्रभूच्या घराचं काम करताना ते पडले, आणि प्रभूनं त्यांना वाचवलं. ईप्सितानं ते जर्मनमध्ये सांगितलं. फ्राउ रेबरनं रुमाल काढला. शिरीषचा हात मोहनभाऊंच्या खांद्यावर होता. उल्का ते बोट न् बोट बघत होती. हा हात तिच्या चांगल्या ओळखीचा होता, तिच्या बाळंतपणात रात्रभर तिच्या कपाळावर राहिलेला. ती उठून उभी राहिली. आपण उभं राहणार आहोत हे तिनं ठरवलं नव्हतं.

"मोहनभाऊ आमच्या घरात पडले," ती म्हणाली. "आमच्या दिवाणखान्यासाठी इथली तुळई चढवताना."

मराठी समजणारे सगळे तिच्याकडे वळले. न समजणारे हसऱ्या चेहऱ्यानं ईप्सिताकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, ही बाईही साक्ष देते आहे. शिरीष हळू आवाजात म्हणाला, "ईप्सिता, राहू दे." मुलीनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग माइकमध्ये म्हणाली, "हेर बोर्डे इन उन्झरम हाउस पडले," अर्धं जर्मन, अर्धं मराठी, आणि गोंधळून पुन्हा सगळं जर्मनमध्ये म्हणाली. आमच्या घरात. पाहुण्यांनी माना हलवल्या. आमचं घर म्हणजे हेच, मंडळीचं, देवाचं, असं त्यांना वाटलं हे उघड होतं. जर्मन पाळकांनी तर हात छातीशी नेला. ईप्सिताला ते दिसलं. सतरा वर्षांच्या मुलीच्या गालावरून रंग उतरताना उल्कानं पाहिला. "निश्ट हीअर," ईप्सिता म्हणाली. इथं नाही. तिनं बोटानं फळ्यांच्या भिंतीपलीकडे दाखवलं. "द्रूबन. बाय उन्स." पलीकडे. आमच्याकडे.

नंतरचं उल्काला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कोणी ओरडलं नाही. बुर्गरमाइस्टरनं घड्याळ पाहिलं. लोक बाहेर पडताना एकमेकांच्या मुलांना हाका मारत होते, नेहमीसारख्या. फाटकापाशी नंदिनी मोहनभाऊंची खुर्ची ढकलत होती. उल्का जवळ गेली. तिला वाटलं होतं नंदिनी गळ्यात पडेल, किंवा निदान हात धरेल.

"वहिनी, खरं बोललात," नंदिनी म्हणाली. "चांगलं केलंत. पण मला आधी सांगायला हवं होतंत. घरी येऊन. मी चहा टाकला असता, आपण बोललो असतो. तुम्हाला ते सगळ्यांपुढंच बोलायचं होतं ना?"

नंदिनीनं खुर्ची गाडीकडे वळवली. त्या दिवसानंतर कितीतरी दिवस उल्का दुसऱ्या कोणावर संशय घेऊ शकली नाही, कारण सगळा संशय स्वतःलाच पुरत नव्हता. ती नेमकी कशासाठी उभी राहिली? मोहनभाऊंसाठी? पप्पांसाठी? की त्या भरल्या शेडमध्ये, काचेच्या क्रुसासमोर, एक निर्मळ बाई म्हणून दिसायचं होतं तिला? शिरीषनं बांधलं ते विटांनी, तिनं शब्दांनी, एवढाच फरक असेल तर?

चौकशी झाली. घराचं काम बंद पडलं, काचेच्या भिंतीला प्लॅस्टिक लागलं. मंडळीतली काही कुटुंबं मानहाइमच्या चर्चमध्ये जायला लागली. शिरीषनं वडीलपद सोडलं. सोडताना तो दोन वाक्यं बोलला, चांगली वाक्यं, आणि उल्कानं ती ऐकताना मनात म्हटलं, हेही नीट घासून आणलंय. तुळया परत शेडमध्ये नेऊन टाकल्या. त्या नेताना तो कोणालाही हाताखाली न घेता, दोरानं ओढत, थांबत थांबत नेत होता, आणि ईप्सिता त्या अर्धवट घराच्या खिडकीतून ते बघत होती. घरात दोघं एकमेकांशी बेतानं बोलत होते. मीठ दे. किल्ली कुठंय. त्यानं तिला एकदाही विचारलं नाही की तू असं का केलंस, आणि न विचारण्यात राग आहे की मान्य करणं आहे, ते तिला शोधून सापडलं नाही.

उरलेल्या माणसांनी रविवारची उपासना बोर्ड्यांच्या घरी घ्यायचं ठरवलं, कारण मोहनभाऊंना फार वेळ बसवत नव्हतं. तळमजल्यावरची छोटी जागा, बाहेर चपलांचा ढीग. पहिल्या रविवारी उल्का निघाली तेव्हा शिरीषही कोट घालून दारात उभा होता. नंदिनीनं दार उघडलं, दोघांकडे पाहिलं आणि बाजूला झाली. शिरीष अगदी मागे, कपाटाला टेकून बसला. भजन झालं. पलंगावर उशांना टेकलेल्या मोहनभाऊंनी ढोलकी घेतली नाही, नुसता हातानं ताल धरला. मग प्रार्थनेची वेळ आली. सवयीनं सगळ्यांची डोकी शिरीषकडे वळली, आणि कोणीतरी सवयीनंच म्हणालं, "शिरीषभाऊ, तुम्ही करा."

उल्का ताठ झाली. आता तो आवाज लागणार, भरून आलेला, माती वगैरे. तिनं जणू कानांवर हात ठेवायची तयारी केली.

"मला येत नाही," शिरीष म्हणाला.

तो जमिनीकडे बघत होता. "फ्लॅटमध्ये होतो तेव्हाच प्रार्थना थांबली. शब्द येत राहिले. मला वाटलं, चांगली जागा झाली की पुन्हा यायला लागेल."

उल्का त्याच्या चेहऱ्यात खोट शोधू लागली. सवयीनं. कपाळ, ओठ, बोटं. तिला काही सापडलं नाही. पण त्यानं ती लपवली असेल की ती नसेलच, हे तिला ठरवता आलं नाही, आणि तिला पहिल्यांदाच वाटलं की आपल्याला ते कधीच ठरवता येणार नाही.

"मग बसा नुसते," मोहनभाऊ पलंगावरून म्हणाले.

नंदिनीनं पेटी पुढं ओढली आणि भाता हलवला. शिरीष बसून राहिला. थोड्या वेळानं उल्का बायकांमधून उठली, मागे जाऊन त्याच्याशेजारी, कपाटाला टेकून बसली. मधे हातभर अंतर ठेवून.